ढगांची पाठ

१२ ऑगस्ट

चि. भिंगरीस आशीर्वाद.

आजी म्हणून कुणी एक बाई होती, आठवतं का? ठेंगणी, तोंडानं फटकळ, तुझ्या वेण्या ओढून घालायची? नसेल आठवत तर आईला विचार. नाहीतर राहू दे, तीही हल्ली माझ्या चहात साखर घालायला विसरते. विसरभोळेपणा तुमच्या घराण्यातच आहे, तो सुनेलाही लागला. मी लग्न होऊन आलेली, म्हणून माझ्या सगळं लक्षात राहतं.

"पोचल्या पोचल्या पत्र टाकते" असं जिन्यात उभी राहून म्हणाली होतीस. तेव्हापासून जिन्यातला दिवा गेला, नवा लावला, तोही गेला. तुझं पत्र काही आलं नाही. फोन केलास, नाही म्हणत नाही. पण फोनवर तू "हो आजी, हो आजी" करतेस आणि तेवढ्यात खरखर सुरू होते. तुमच्या डोंगराला मी आवडत नाही असं दिसतं. त्यापेक्षा पत्र बरं. आवडलं तर पुन्हा वाचून घेता येतं, नाही आवडलं तर कातरणांच्या ढिगात टाकता येतं.

लिहिणारा अर्थातच आपला खालचा शिंपी. मला अक्षर येत नाही आणि त्याला गप्प बसता येत नाही, म्हणून आमचं जमतं. मी स्टुलावर बसून सांगते, तो कापड कापायच्या टेबलावर कागद पसरतो. मध्येच गिऱ्हाईक आलं की उठतो आणि परत येऊन विचारतो, "कुठवर आलो होतो?" जशी काही मी अर्धी शिवलेली बाहीच आहे.

आता कामाचं. लहानपणी तू जेवायची नाहीस, म्हणून मी तुला एका डोंगराची गोष्ट सांगायचे. वर देऊळ, खाली ढग, आणि देवळाच्या अंगणातून ढगांची पाठ दिसते. अगं, मी काय बघून सांगत होते? आपल्या गल्लीच्या टोकाला चढ आहे, तेवढाच माझा डोंगर. तू दोन घास जास्त खावेस म्हणून मारलेली थाप ती. आणि तू मोठी होऊन शोधत शोधत तसल्याच डोंगरावर गेलीस, लोकांना देवळं दाखवायची नोकरी धरलीस! तेव्हा आता खरं काय ते कळव. ढगांना पाठ असते का?

तुझी आई म्हणते, बर्फ वितळलं की देवळाचं दार उघडायचा मोठा उत्सव असतो, आणि वर जायला आता तारेवरचा पाळणा झालाय. म्हणजे गुडघ्यांचं निमित्त संपलं. या खेपेला मला आणायचं, सांगून ठेवते. मरायच्या आधी एकदा माझी थाप मला बघायची आहे.

(भिंगरी, कंसातलं हे माझं, शिंपीमामाचं. आजींना वाचता येत नाही याचा फायदा घेतोय, देव मला माफ करो. त्यांचा मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकलाय. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली, तर म्हणाल्या सर्दी झाली आहे. पुन्हा दिली, तर म्हणाल्या शिंप्याला ताप आहे. मला ताप नव्हता. हिवाळ्यापलीकडे लांबवलं तर अवघड होईल असं बाईंनी बजावलंय. तुला कळवायची मनाई आहे. परवा दुकानात बराच वेळ माझी खरडपट्टी काढत होत्या. मी त्यांच्या मागे उभा होतो. समोर कोट चढवलेला पुतळा होता.)

सही म्हणून नेहमीसारखा लाल दोऱ्याचा टाका घातलाय. जरा तिरका गेलाय. सुई बोथट आहे शिंप्याची.

तुझी आजी


२९ ऑगस्ट

प्रिय आजी,

चुकलं. कान पकडले, आणि वेणीही तुझ्या हातात देते, ओढ.

माझी खोली पाळण्याच्या स्टेशनाच्या मागेच आहे. पत्र्याचं छप्पर, एक खाट, एक खिडकी. सकाळी तारेचं मोठं चाक फिरायला लागलं की माझी वाटी टेबलावर आपोआप सरकते. त्या घरघरीनंच मला जाग येते. मग मंडळी गोळा करायची. या आठवड्यात सगळे निवृत्त मास्तर आहेत. रांगेत उभं राहायला सांगितलं की ते एकमेकांनाच दटावतात.

देऊळ कड्यात कोरलेलं आहे. दार इतकं बुटकं की सगळ्यांना वाकावं लागतं, तुला सोडून. आत दगडाचा गारवा तळपायातून वर चढतो. घंटेचा दोर लोकांच्या हातांनी इतका गुळगुळीत झालाय की ओल्या साबणासारखा लागतो. पुजारी चिडका आहे. मंडळी फोटो काढायला लागली की तो दिवा विझवतो. मागे एक तळं आहे. सकाळी शिशासारखं करडं, दुपारी हिरवं, आणि ऊन कललं की जांभळं. शास्त्रज्ञ येऊन पाणी बाटलीत भरून नेतात. बाटलीत ते नुसतं पाणीच असतं.

आणि ढगांना पाठ असते, आजी. आपण खालून बघतो ते त्यांचं पोट, करडं, लोंबणारं. वरून ते पिंजलेल्या कापसाच्या गादीसारखे दिसतात, आत्ताच कुणी झोपून उठल्यासारखे जागोजाग दबलेले. तू अगदी असंच सांगायचीस. न बघता कशी काय सांगायचीस?

पायथ्याशी मंडळी जमवते, पाळण्यात बसवते, की वर देऊळ. असं माझं चाललंय.

सोबत पिशवीत डोंगरी घेवडा पाठवतेय. पांढरा, काळा, तांबडा, ठिपक्यांचा, सगळा मिसळलेला. इथल्या बायका छपरावर वाळवतात. माझा एक फोटोही आहे, मंडळींतल्या एका मास्तरांनी काढलेला. आणि शिंपीमामांसाठी तळाशी बटणांची पुडी आहे, ती त्यांनाच दे हं, त्यांनीच उघडायची.

उत्सवाला तू यायचंसच. पण तब्येत अगदी ठणठणीत करून. काही दुखत-खुपत असेल तर आत्ताच बघून घे.

तुझी भिंगरी


२० सप्टेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र पोचलं, घेवडा पोचला, बटणंही पोचली. शिंपी ती पुडी घेऊन आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ आला नाही. बटणं बघायला एवढा वेळ? बाहेर आला तो नाक पुसत. मी विचारलं, तर म्हणाला, "फार चांगली बटणं आहेत, आजी." असा हळवा शिंपी मी पाहिला नाही.

तुझा फोटो बघितला. छान आलाय. तो लाल रेनकोट तुला खुलून दिसतो. वाळली आहेस मात्र.

घेवडा मी एका दुपारी निवडून टाकला. रंगवार वाट्या भरल्या. तुझी आई बघतच राहिली. "सासूबाई, तुम्ही निवडलंत?" म्हणे. नाही, शेजारच्या मांजरानं निवडलं!

तब्येत ठणठणीत आहे. दुखत-खुपत काही नाही. हे तुला मध्येच कसं सुचलं?

आता माझा एक प्रश्न. तू पायथ्याचं चाक लिहिलंस, मास्तर लिहिलेस, दार, दोर, पुजारी, तळं, सगळं लिहिलंस. पण पाळण्यात बसवते की वर देऊळ? मध्ये काहीच नाही? तारेवर लटकत माणूस एवढा डोंगर चढतो आणि खाली काय दिसतं त्याची एक ओळ नाही? जेवताना मधलाच घास गिळून टाकायची सवय तुझी जुनी आहे. नीट लिही. मला पाळण्यात बसायचंय, तेव्हा काय काय बघायचं ते आधी ठाऊक हवं.

(भिंगरी, बटणांच्या पुडीतली तुझी चिठ्ठी वाचली. मी तुझ्या बाजूनं आहे. फोटोतला रेनकोट निळा आहे, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. घेवड्याच्या वाट्या त्यांनी हातानं चाचपून भरल्या, सगळ्या वाट्यांत सगळे रंग. तुझ्या आईला वाईट वाटू नये म्हणून मी मागाहून गुपचूप नीट केल्या. परवा त्यांनी दुधाचं पातेलं समजून माझ्या निळीच्या पाण्यात चमचा घातला. दोघंही हसलो. मी जास्त हसलो, कारण रडायला येत होतं.)

टाका घालताना बोटाला सुई टोचली, म्हणून कागदावर ठिपका आहे. घाबरू नकोस, कुंकू समज.

तुझी आजी


८ ऑक्टोबर

प्रिय आजी,

सध्या नुसती धावपळ आहे. बर्फ पडायच्या आत देऊळ बघायचं म्हणून सगळी दुनिया लोटली आहे. काल एक नवरा-नवरी आले होते. नवरीनं घंटा वाजवली आणि दोर सोडेचना. पुजाऱ्यानं दिवा विझवला तरी अंधारात घंटा चालूच! शेवटी तोच हसला. पुजाऱ्याला दात आहेत हे मला काल कळलं.

उत्सवाचं सांगते. दार उघडायच्या पहाटे तळ्याकाठी प्रत्येकाच्या हातात एक पणती देतात. माणसं बोलत नाहीत, नुसती चालतात. तळ्यावर अजून बर्फाचा पापुद्रा असतो, त्यात सगळ्या ज्योती उलट्या दिसतात. खाली एक रांग, वर एक रांग. मग दार उघडतं आणि थंडी आतून बाहेर येते, कुणीतरी महिनोन्‌महिने धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी. हे बघायला तू हवीस, आजी. हे मला तुला लिहून नाही दाखवता येत.

(शिंपीमामा, हे मोठ्यानं वाचू नका. आईशी माझं बोलणं झालंय. डॉक्टरीणबाईंकडून नवी तारीख घ्या. त्या दिवशी माप घ्यायचंय म्हणून आजीला दुकानात बोलवा. आई रिक्षा घेऊन दाराशी येईल. एकदा रिक्षात बसली की झालं. मध्ये कळलं तरी उतरून जाईल कुठे, रस्ता तिला कुठे दिसतोय?)

पाळण्याचं काय लिहू, पाळणा म्हणजे पाळणा. बसायचं आणि उतरायचं.

तुझी भिंगरी


२६ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझं पत्र शिंप्यानं वाचून दाखवलं. सगळं.

शिंपी वाचतो कसा तुला ठाऊक आहे. मशीन चालवतो तसाच. एकदा सुरू झाला की कापड संपल्याशिवाय पाय थांबत नाही. घंटेवर मी हसले, पणत्यांवर स्टूल पुढे ओढलं, आणि हा त्याच तालात खणखणीत आवाजात म्हणाला, "शिंपीमामा, हे मोठ्यानं वाचू नका." आणि पुढे वाचतच गेला! माप घ्यायचंय, रिक्षा दाराशी येईल, सगळं. शर्टाचं काज करून घ्यायला आलेला माणूससुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत होता. शेवटचं वाक्य मात्र शिंप्यानं अगदी हळू वाचलं. तोवर त्याला कळलं होतं, आपण काय वाचतोय ते.

रस्ता तिला कुठे दिसतोय.

मग मी त्याला सगळी जुनी पत्रं आठवायला लावली. म्हणजे मी इकडे बोलतेय आणि हा कंसात संसार थाटून बसलाय! लिहिणारा बदलावा म्हणून तुझ्या आईला बसवलं. ती माझी भाषा सुधारते. मी म्हटलं "तोंड फोडीन", तिनं लिहिलं "मी रागावेन". म्हणून झक मारत परत याच्याकडे आले. पण अट घातली की आधी स्वतःबद्दल मी सांगेन ते लिहायचं. लिही रे: शिंपी गाढव आहे.

(शिंपी गाढव आहे.)

वाट्यांचं मला तेव्हाच कळलं होतं. दुपारी मी ठेवल्या त्यापेक्षा संध्याकाळी एक वाटी जास्त हाताला लागली. आणि पुतळ्याशी मी मुद्दाम बोलत होते, तो उलट बोलत नाही म्हणून. हे खोटं आहे, पण लिही.

आता तुला खरं सांगते. ऑपरेशनच्या सुरीला मी भीत नाही. चार बाळंतपणं काढली आहेत. आज मला धुरकट दिसतं, त्याला कारण आहे. मोतीबिंदू आहे, करून घेतला नाही, म्हणून दिसत नाही. करून घेतला की सगळं दिसेल. रोज सकाळी उठून मी हे स्वतःला सांगते आणि मग चहा घेते. उद्या करून घेतला आणि तरीही धुरकटच राहिलं, तर मग सकाळी काय सांगू? सगळं दिसेल ही एकच गोष्ट माझ्याजवळ शिल्लक आहे. ती मोडायला मी डॉक्टरणीच्या हातात देत नाही, इतकंच.

मला फसवून न्यायचं नाही, भिंगरे. मी तुला थापा मारून जेवू घातलं, पण तोंड दाबून घास कधी कोंबला नाही.

आणि मला कमी दिसतं, कमी कळत नाही. पाळण्याचं विचारलं, तर उडवून लावलंस. आठवतं, जत्रेतल्या पाळण्यात माझ्या पदरात डोकं खुपसून बसली होतीस? खाली उतरल्यावर सगळ्यांना सांगितलंस, वरून आपलं घर दिसलं. तू अजून डोळे मिटूनच वर जातेस. हो की नाही?

तेव्हा दोन आंधळ्यांचा एक सौदा. तू पाळण्यात डोळे उघड आणि काय दिसलं ते खरं खरं लिही. थाप मारलीस तर मला कळेल, मी त्या धंद्यातली जुनी आहे. तू डोळे उघडलेस, तर मी माझे डॉक्टरणीपुढे उघडीन. नाहीतर आपण दोघी घरी बसू आणि घेवडा चाचपू.

(आज कंसात काही नाही. आजींनी कंस कसा दिसतो ते विचारून घेतलंय आणि बोटानं चाचपून बघताहेत. शाई चाचपता येत नाही हे मी त्यांना सांगितलेलं नाही.)

टाका आज मुद्दाम जोरात ओढलाय. कागद फाटला असेल तर फाटू दे.

तुझी आजी


१४ नोव्हेंबर

आजी,

ते वाक्य मी लिहायला नको होतं. शंभरदा खोडलं असतं, पण तोवर पत्र गेलं होतं. कागद फाटलाय. मी मागून चिकटपट्टी लावून ठेवलाय.

हो. मी डोळे मिटते. कामावर लागले त्या पहिल्याच आठवड्यात वाऱ्यामुळे पाळणा मधोमध थांबला आणि हलत राहिला. तेव्हापासून पाळण्यात पाय ठेवला की मी डोळे मिटते आणि वर दार उघडल्याचा आवाज आला की उघडते. वाईट म्हणजे, मंडळींना वाटतं मी देवाचं नाव घेतेय. एक मास्तर बाकीच्यांना म्हणाले, "बघा, पोरीची केवढी श्रद्धा!" मग सगळे मास्तर डोळे मिटून बसले. एवढा मोठा डोंगर आणि आमच्या पाळण्यात एकानंही तो बघितला नाही.

तुझं पत्र आलं त्यानंतर मी रोज ठरवायचे आणि रोज मिटायचे. परवा शेवटची फेरी होती, आता बर्फासाठी पाळणा बंद होणार. मंडळी नव्हती. मी आणि वर पिठाची पोती नेणारा माणूस. मी त्याला म्हटलं, "मला भीती वाटते, जरा बोलत राहा." तो म्हणाला, "काय बोलू?" आणि पोत्यावर डोकं टेकून झोपला. असा आधार!

मग मी तुझा फाटका कागद हातात धरला आणि डोळे उघडले.

आधी फक्त माझे बूट बघितले. मग काच. मग काचेपलीकडे. कागदासकट दोन्ही हात काचेवर दाबून धरले, थाप मारत नाही. खाली छपरं होती, आणि छपरांवर घेवडा वाळत होता. एका छपरावर पांढरा, एकावर काळा, एकावर तांबडा. इतके दिवस मी विकत घेतला, तुला पाठवला, आणि माझ्याच पायांखाली तो असा पसरलेला असतो हे मला माहीत नव्हतं. एक बाई तो पायानं उलटापालटा करत होती. तिनं वर बघून हात केला. मी पण केला. म्हणजे काचेवरचा एक हात सुटला.

मग झाडांचे शेंडे. मग पाळणा ढगात शिरला.

आजी, ढगाच्या आत काहीच दिसत नाही. सगळं पांढरं, दुधासारखं. तार दिसेना, पोती दिसेनात, पुढे केलेला माझा हात धूसर झाला. मी मिटायला लागले होते, मिटले काय आणि उघडे ठेवले काय, सारखंच होतं. तेव्हा एकदम मनात आलं की तुला असंच दिसत असणार. सकाळी उठल्यापासून. चहाचा कप, आईचं तोंड, माझा फोटो. आणि तू एकदाही म्हणाली नाहीस. उलट माझी चेष्टा करत राहिलीस. म्हणून मी उघडे ठेवले. तू ठेवतेस तर मीही ठेवीन म्हटलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. चाकाची घरघर तेवढी होती. आणि मग वरून पांढरं पातळ होत गेलं, पिवळसर झालं, आणि आम्ही बाहेर आलो. एकदम. ऊन. मी मागे वळून बघितलं. आत्ताच ज्यात सगळं हरवलं होतं ना, ती त्याचीच पाठ होती. अंगणातून दिसते त्याहून जवळ. दार उघडलं असतं तर पायच ठेवला असता.

तू म्हणतेस, करूनही धुरकटच राहिलं तर? मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंना विचार, त्या खरं सांगतील. पण ढगाच्या आत असताना मलाही वाटलं होतं की आता हे असंच राहणार.

माझा अर्धा सौदा पुरा झाला. तुला फसवून कुणी नेणार नाही. तू नाही गेलीस तरी मी सुट्टीत येईन, आणि आपण घेवडा चाचपू. खरंच.

शिंपीमामा, हे सगळं मोठ्यानं वाचा.

तुझी भिंगरी


५ डिसेंबर

चि. भिंगरी,

आज पहिल्यांदाच कंसाबाहेर लिहितोय, त्यामुळे हात जरा अवघडलाय. सांगायला कुणी नसलं की काय लिहायचं ते सुचत नाही.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. ढगात शिरल्यावर माझा आवाज गेला, तेव्हा आजी म्हणाल्या, "मशीन का थांबलं?" पत्र संपलं. तुझी आई चहा घेऊन आली, तिला म्हणाल्या, "साखर विसरलीस. आणि त्या बाईला फोन लाव, तारीख विचार." मग स्वतःच फोन घेऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं, "करूनही दिसलं नाही तर?" त्या काय म्हणाल्या ते आजींनी आम्हाला सांगितलं नाही. फोन ठेवून एवढंच म्हणाल्या, "बाई खरं बोलते. चालेल."

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात त्या स्वतःच्या पायांनी गेल्या. रिक्षावाल्याला आधीच विचारून घेतलं, "तू शिंप्याचा माणूस नाहीस ना?" आतून बाहेर आल्या तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. पट्टी उद्या निघेल. रात्री जेवल्या, झोपल्या. माझ्याशी मात्र एक शब्द बोललेल्या नाहीत, आणि त्या गप्प बसल्या की दुकान फार मोठं वाटतं.

उद्या काय होईल ते मी लिहिणार नाही. ते त्यांचं त्याच सांगतील.

शिंपीमामा


१० जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

घाबरवलं की नाही? मुद्दाम उशीर केला. पोचल्याचं पत्र टाकायला तू जेवढा वेळ लावलास, तेवढाच. आणि मला दुसरा डोळाही उरकून घ्यायचा होता, अर्ध्या बातमीचं पत्र मला आवडत नाही.

पट्टी काढली तेव्हा समोर एक म्हातारा उभा होता, पिकलेल्या भुवयांचा, गळ्यात टेप. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हे कोण?" तो रडायलाच लागला. भिंगरे, इतका म्हातारा माणूस माझी पत्रं लिहितो हे मला कुणी सांगितलं नव्हतं! मी याला पोरगा समजून शिव्या घालत होते. आता मोजून घालते.

(त्या मोजत नाहीत.)

हा कंस मला विचारून टाकलाय. आता त्याच्या खांद्यावरून मी बघत असते. अक्षर कळत नाही, पण कंस कळतो. दोन्हीकडून वाकलेला, शिंप्यासारखाच.

घरी आले आणि सगळं बघून घेतलं. तुझ्या आईचे केस पांढरे झालेत, तिनंही कधी सांगितलं नाही. कपाटावरची धूळ बघितली, त्यावर तिच्याशी भांडण झालं, फार बरं वाटलं. दुकानात जाऊन पुतळ्यासमोर उभी राहिले. त्याला म्हटलं, तुझ्याशी जे काय बोलले ते आपल्या दोघांत राहू दे.

मग तुझा फोटो मागितला. रेनकोट निळा आहे. कुणी सांगितलं नाही, मला दिसलं. आणि दुसरंही दिसलं. पाळण्याच्या दारात उभी आहेस, सगळे मास्तर हसताहेत, आणि तुझे डोळे घट्ट मिटलेले आहेत. शिंप्याला विचारलं, "अरे, हे तुला दिसलं नव्हतं?" तर म्हणतो, "मला वाटलं उन्हानं मिटले." आणि मला आंधळी म्हणत होते!

बर्फ वितळलं की मी येते. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलंय. सोबत शिंपी येतोय, त्यानं स्वतःसाठी कोट बेतायला घेतलाय, पुतळ्यापेक्षा बरा दिसायचा विचार दिसतोय. पुजाऱ्याला सांगून ठेव, दिवा विझवलास तर मीही अंधारात घंटा वाजवीन. पणती मला दोन्ही हातांनी धरायची आहे, पण ते तळ्याकाठी. पाळण्यात एक हात तुझ्या हातात देईन. कुणी कुणाचा धरलाय ते लोकांना सांगायचं नाही. ढगात शिरलो की दोघींनी उघडे ठेवायचे. मला ते पांढरं ओळखीचं आहे, मी तुला सांगत राहीन. पिठवाल्यासारखी झोपणार नाही.

खालचा टाका बघ. सरळ आहे. सुईत दोरा मी ओवलाय, पहिल्याच खेपेला. शिंपी म्हणतो तिसऱ्या. तो म्हातारा झालाय, त्याला नीट मोजता येत नाही.

आणि हो, घेवडा संपला. मी येईपर्यंत वाट बघायला नको, येत्या टपालानंच मोठी पिशवी भरून पाठव. पांढरा, काळा, तांबडा, ठिपक्यांचा, सगळा एकत्र मिसळून. खडे असले तर असू देत, काढू नकोस. निवडायचं काम माझं आहे.

तुझी आजी